चांगल्या दाताला हात

आमच्या घरात कुणावर पटकन विश्वास ठेवणाऱ्याला बावळट म्हणायचे. दूध घालायला आलेला गवळी दारातनं हलायच्या आत अण्णांनी दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेतलेला असायचा. थेंब नखावर बसून राहिला तर ठीक, ओघळला की गवळ्याचं काही खरं नसायचं. गुळाची ढेप घरात आली की वरचा थर बाजूला करून आतला खडा जिभेवर ठेवायचा, कारण वरनं सगळेच गोड असतात असं त्यांचं म्हणणं. रविवारी मटण आणायला गेले की खाटकाच्या हातावरनं त्यांची नजर हलायची नाही. पावण्यांनी आणलेले पेढेसुद्धा आधी हुंगले जायचे, आणि तेही पावणं समोर बसलेले असताना, बरं का. आई लाजेनं अर्धी व्हायची आणि उठून चहा टाकायला जायची.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते सोनार होते आणि कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफबाजाराच्या, मागच्या बोळात आमचं घर होतं. लोक सोनं म्हणून जे काही आणून देतील ते काळ्या कसोटीवर घासून बघायचं, हे ज्याचं दिवसभराचं काम, तो संध्याकाळी उठून एकदम भाबडा कसा होणार? मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आता येत नाही, आता मीच भाजीवालीच्या काट्याखाली वाकून बघते. एवढा संशयी माणूस, पण एका गोष्टीत त्यांनी कधी तराजू काढला नाही. बोळात कुणी वारलं की त्या घरातलं कुणीतरी आमच्या दारात येऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही. जाणाऱ्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायची रीत आहे, त्यासाठी आलेलं माणूस ते. अण्णा हातातलं काम खाली ठेवायचे, डबीतनं चिमट्यानं एक कण उचलायचे, कागदाच्या पुडीत बांधायचे आणि दोन्ही हातांनी द्यायचे. तेवढं एकच सोनं आमच्या घरात कधी तोललं गेलं नाही.

पुढच्या सोप्यात अण्णांची बैठक होती. ऐरण, शेगडी, फुंकणी आणि त्यांच्या गुडघ्याला लागून कानशींचा डबा. बोळातली बहुतेक घरं आमच्यासारखीच, त्यामुळं सकाळपासनं सगळीकडं टकटक चाललेली आणि मध्येच अंबाबाईच्या देवळातली घंटा. आईची जागा आत, परसाकडच्या खिडकीखाली. ती दागिने गाठवायची. सोनार साजाची पानं आणि मणी घडवून देतो, पण ते रेशमात ओवून, गाठी मारून, मागं गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगं करायचं काम वेगळं, आणि गुजरीतले चोखंदळ दुकानदार त्यासाठी आमच्या आईकडंच यायचे. रेशमाचा एक पदर ती उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि दुसरा दातात धरायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. दात म्हणजे खालचा उजवा सुळा. तिथं पदर धरून तिनं मान मागं घेतली की गाठ अशी बसायची की सुईनं उकलायची नाही. वर्षानुवर्षं रेशीम ओढून त्या सुळ्याच्या टोकाला एक बारीक चर पडला होता. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी त्या चरात नख घालून बघायची आणि ती माझं बोट हळूच चावायची.

तिचं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या मुलखातलं. तिथनं ती दोन गोष्टी घेऊन आली, कानडी आणि मिश्री. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की सगळ्या घराला ठसका लागायचा, आणि मग ती काळी पूड बोटावर घेऊन आई परसात निवांत हिरड्यांवर फिरवत बसायची. दिवसात तेवढाच वेळ तिच्या एकटीचा होता, म्हणून कुणी काही म्हणायचं नाही. पण त्या मिश्रीनं तिच्या हिरड्या खाल्ल्या. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी एकेक करत हलल्या आणि गेल्या. पुढचे दात आणि दोन सुळे तेवढे खाली उभे राहिले. मटणाची नळी फोडून आतला मगज काढण्यात आईचा हात कुणी धरायचं नाही, आणि आता तीच आई रविवारी भाकरी पांढऱ्या रश्श्यात कुस्करून ती मऊ व्हायची वाट बघत बसायची. तिच्या वाटच्या नळ्या गुपचूप माझ्या ताटात यायला लागल्या. मी खाऊन टाकत होते. सोळा-सतराचं वय, पुढं आलेली नळी कोण सोडतंय?

एका रविवारी तिनं ताट बाजूला सारलं आणि मला कवळी करायची आहे म्हणून सांगून टाकलं. आई कधी काही मागायची नाही, त्यामुळं अण्णा चपापले. कोण डॉक्टर, कुणी सांगितला, त्यानं आजवर कुणाच्या कवळ्या केल्या, त्या लोकांना चावता येतं का, त्यांना प्रत्यक्ष बघता येईल का, अशी त्यांची सरबत्ती सुरू झाली. आई उत्तरं देत गेली. शाहूपुरीत नवीन दवाखाना निघाला होता, शेट्टर डॉक्टरांचा. हे डॉक्टर तिकडचेच, सीमेपलीकडचे, धारवाडला शिकलेले. तिनं सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. अण्णांनी होकार दिला, पण बरोबर मला घेतलं. मी काय करायचं ते जिन्यात सांगितलं. डॉक्टर तोंडात हात घालेल तेव्हा जवळ उभं राहायचं आणि काय काय करतो त्यावर नजर ठेवायची.

डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते, आणि अण्णांच्या लेखी हे दोन्ही वाईटच. त्यात त्यांनी आईला पहिल्याच वाक्यात "बाय तगी, अक्का" म्हटलं. म्हणजे तोंड उघड, एवढंच. पण कानडी ऐकल्यावर आईचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. किती वर्षांत तिच्याशी कुणी तिच्या माहेरच्या बोलीत बोललं नव्हतं. ती दोघं आपली बोलतायत, हसतायत, आणि अण्णा एकदा हिच्या तोंडाकडं, एकदा त्यांच्या तोंडाकडं. दर मिनिटाला त्यांचा प्रश्न, "काय म्हनला त्यो?" आणि आई सांगायची, "काय न्हाई, पाणी प्या म्हनला." एवढं लांबलचक बोलणं आणि त्याचा अर्थ पाणी प्या? अण्णांना ते पटणं शक्यच नव्हतं. मलाही पटलं नाही, खरं सांगायचं तर. वर डॉक्टर अण्णांनाही अण्णाच म्हणायला लागले. ओळख ना पाळख, आणि सरळ अण्णा. जिना उतरताना माझ्या वडलांनी तेही बोलून दाखवलं.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी आईच्या जबड्याचा पांढऱ्या मातीतला साचा टेबलावर ठेवला. अण्णांनी तो उचलला, उजेडाला धरला, फिरवून फिरवून बघितला. सुळ्याच्या टोकाचा तो रेशमाचा चरसुद्धा साच्यात उमटला होता. माप बरोबर घेतलंय, असं ते म्हणाले, आणि त्या दवाखान्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला आणि बराच काळ शेवटचा बरा शब्द. कारण त्यानंतर डॉक्टरांनी त्याच साच्यावर बोट ठेवून पुढचं समजावलं. वरची उजवी दाढ, खाली तिला जोडीदार नाही म्हणून, मोकळ्या जागेत खाली उतरली आहे. ती थोडी घासावी लागेल, नाहीतर कवळी आधी तिथंच आपटणार. आणि खालच्या दोन्ही सुळ्यांच्या आतल्या बाजूला एकेक छोटी खाच करावी लागेल. कवळीची तार नुसती दाताभोवती बसली तर चावताना कवळी हिरडीत दबत राहील आणि तार दाताला ओढत राहील. तारेला पाय टेकायला जागा पाहिजे, म्हणजे भार दातावर सरळ येतो.

अण्णांनी साचा खाली ठेवला. "चांगला दात घासणार तुमी?"

थोडासाच, डॉक्टर म्हणाले, वरच्या टणक थरातच, दुखणारही नाही.

"पावणं, मी सोनार हाय. हिरा कोंदणात बसत नसला तर तुमच्यात हिरा घासत्यात का कोंदण?"

"कोंदणच," डॉक्टर म्हणाले. "पण अण्णा, हिऱ्याला भाकरी चावावी लागत नाही."

आई फस्सकन हसली. तिनं हसायला नको होतं. अण्णा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि घरी आल्यावर थांबले नाहीत. त्यांचा हिशेब पक्का होता. चांगला दात घासायचा, घासलेला दात किडणार, किडला की काढायचा, मग पुढची कवळी, मग त्याच्या पुढचा दात, म्हणजे हे गिऱ्हाईक जन्माला बांधलं गेलं. आणि सुळाच कशाला पाहिजे त्याला? ज्या दातावर हिचा हात चालतो, नेमका तोच? हे शेवटचं मात्र मलाही लागलं. तो सुळा गेला तर आईचं काम जाणार होतं, आणि काम गेल्यावर आमची आई नुसती खिडकीखाली बसून काय करणार, हे माझ्या डोळ्यापुढं येईना.

आता हसू येतं, पण मागच्या वर्षी मीच तशा खुर्चीत बसले होते. राजारामपुरीतली पोरगेलीशी डॉक्टरीण. तिनं दातांमध्ये निळा कागद ठेवून "आजी, चावा" म्हटलं, कागदाचे डाग बघितले आणि सहज म्हणाली, शेजारचा दात जरा घासावा लागेल. मी तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे चांगलं घट्ट धरलं. चांगल्या दाताला हात लावायचा नाही, हे माझ्या तोंडून अण्णांच्या आवाजात बाहेर पडलं. बिचारी घाबरली. मग मी तिला म्हटलं, थांब बाई, आधी मला आरशात दाखव, किती घासणार ते दाखव, मग घास. तिनं सगळं दाखवलं. तेवढा वेळ दिला की माझ्यासारखीचाही संशय जरा खाली बसतो.

शेट्टर डॉक्टरांना तेवढा वेळ मिळाला नाही. कवळी तयार झाली तेव्हा आम्ही तिघं पुन्हा गेलो. अण्णांना डॉक्टरांनी बाहेरच्या बाकावर बसवलं, मी आत उभी. गुलाबी हिरडी, पांढरे दात, दोन्हीकडं तारेचा एकेक आकडा, आणि प्रत्येक आकड्याला आत वळलेला एक चिमुकला पाय. आईच्या तोंडात ती कवळी ठेवली तर उंच राहिली, डॉक्टर म्हणाले होते तशीच. त्यांनी आईच्या गालात कापसाचे बोळे सरकवले आणि यंत्र सुरू केलं. वरच्या दाढेला ते टेकलं मात्र, आवाज बदलला. तो आवाज बाहेर अण्णांनी ऐकला. नुसत्या आवाजावरनं किती माल निघतोय ते सांगणारा माणूस तो, आत आला नसता तरच नवल. दार उघडून ते तडक खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, "बास. हात काढा."

डॉक्टरांनी हात काढला. मग त्यांचं जुंपलं. डॉक्टर शांतपणे तेच तेच सांगत होते, अण्णा चढ्या आवाजात तेच तेच नाकारत होते, आणि दोघांच्या मध्ये आई तोंड उघडं टाकून, गालात बोळे घेऊन आडवी पडलेली. तोंड तिचं, दात तिचा, आणि बोलता येत नव्हतं ते फक्त तिला. ती एकदा छताकडं बघायची, एकदा माझ्याकडं. मला दोघांचाही असा राग आला की कुणाचं बरोबर आहे हे बघायचंही सुचलं नाही. शेवटी अण्णांनी टेबलावरची कवळी उचलून रुमालात बांधली. बसवायचंच असेल तर मी बसवतो, म्हणाले. आईनं स्वतःच बोळे काढले आणि पदर सावरून उतरली. जाताना ती डॉक्टरांना कानडीत काहीतरी म्हणाली. रस्त्यात अण्णांनी विचारलं तर म्हणाली, "येतो म्हनलं."

अण्णांनी त्या कवळीवर जसं काम केलं तसं कुठल्या दागिन्यावरही केलं नसेल. आईला समोर पाटावर बसवलं. दिव्याचं काजळ बोटानं तारेवर फासायचं, कवळी तोंडात ठेवायची, चाव म्हणायचं, परत काढायची आणि डाग कुठं लागला ते बघून तेवढंच कानशीनं उतरवायचं. दात घासायचा नाही, तार घासायची. दोन्ही आकड्यांचे ते आत वळलेले पाय सगळ्यात जास्त अडत होते, म्हणून त्यांनी ते झिजवत झिजवत काढूनच टाकले. मग तारा उजळल्या, कडा गोल केल्या. आणि बसली की हो कवळी! अशी बसली की खट्ट असा बारीक आवाज आला आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. आई आरशात बघून लाजली. त्या रविवारी तिनं माझ्या ताटातली नळी परत घेतली. अण्णांनी गुजरीभर सांगितलं, धारवाडच्या डॉक्टरला जमलं नाही ते आपण बैठकीवर करून दाखवलं. लोक यायचे, आणि आईला त्यांच्यापुढं तोंड उघडून दाखवावं लागायचं.

पुढं काय झालं ते एकदम झालं नाही, म्हणून कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही. आई मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लागली. तिच्या पदराला लवंगेच्या तेलाचा वास यायला लागला. कवळी जेवणापुरती घालायची आणि एरवी पाण्याच्या वाटीत. काही दुखतंय का विचारलं तर सवय व्हायला वेळ लागतोच की, एवढंच. मग गुजरीतनं एक साज परत आला. गाठ सरकली होती. आईच्या हातची गाठ सरकली, हे आमच्या घरात भूकंपासारखं होतं. अण्णांनी रेशीमवाल्यावर संशय घेतला, रंगवणाऱ्यावर घेतला, दुकानातल्या नोकरावर घेतला. रेशमाचा तुकडा ओला करून, जाळून, ओढून बघितला. सगळ्या कोल्हापूरवर संशय घेऊन झाला, पण आपण बसवलेल्या कवळीकडं त्यांची नजर गेली नाही. माझी गेली. मी त्यांचीच मुलगी.

आई पदर आता डाव्या बाजूला धरत होती, पुढच्या दातांत, आणि मान मागं घेताना तिचे डोळे बारीक व्हायचे. एका दुपारी अण्णा बाहेर गेलेले असताना तिनं मला हाक मारली.

"सुमे, ह्यो पदर जरा तुज्या दातात धर गं."

मी पदर धरला नाही. मी तिच्यासमोर बसले, लहानपणी बसायची तशी, आणि त्या सुळ्याच्या चरात नख ठेवलं. दात हलला. थोडासाच, पण हलला, आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. दुखल्यामुळं आलं असं ती म्हणाली. डॉक्टरांनी साच्यावर बोट ठेवून सांगितलेलं सगळं मला तेव्हा एकदम समजलं. पाय काढून टाकलेली तार प्रत्येक घासाला खाली सरकत होती आणि जाताना दाताला ओढून नेत होती. अण्णांनी हिरा वाचवला होता आणि कोंदणानंच तो उपटायला घेतला होता. मी म्हटलं अण्णांना सांगू या. आई नको म्हणाली. त्यांनी किती हौसेनं बसवली, सगळ्या गुजरीला सांगून बसलेत, आता त्यांची मान खाली घालायची का, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा ते पटलं नाही आणि आजही अर्धंच पटतं. पण दात तिचा होता, आणि यावेळी तिला विचारल्याशिवाय काही करायचं नाही एवढं मी ठरवलं. काय करायचं, असं मी विचारलं. "भाजी आणाय जाऊया," आई म्हणाली.

भाजीची पिशवी घेऊन आम्ही शाहूपुरीत गेलो. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कवळी हातात घेतली, तारेचे उजळलेले आकडे बघितले आणि मान हलवली. काम सुंदर केलंय, असं मराठीत म्हणाले. नंतर सगळं कानडीत. मी शेजारी उभी, एक अक्षर कळत नाही, आणि पहिल्यांदा मला अण्णांसारखं झालं. काय ठरवतायत ही दोघं? दात काढायचा म्हणतायत की काय? आईला विचारलं तर म्हणाली, पदर कसा धरतीस ते दाखव म्हणतोय. तिनं कमरेच्या बटव्यातनं रेशीम काढलं, त्या उंच खुर्चीतच गुडघा वर घेऊन अंगठ्याला अडकवलं आणि हलणाऱ्या सुळ्यात हलकेच धरून दाखवलं. डॉक्टर वाकून बघत राहिले. मग त्यांनी आरसा मला धरायला दिला आणि खाच कुठं करणार ते सळईच्या टोकानं दाखवलं. सुळ्याच्या आतल्या अंगाला, रेशमाच्या चरापासनं लांब.

यंत्र सुरू झालं. मी डोळे मिटले नाहीत, मला नजर ठेवायला शिकवलं होतं. बारीक पांढरी धूळ, करपल्यासारखा वास, आणि आईची माझ्या मनगटावर आवळलेली बोटं. डॉक्टर मध्ये मध्ये थांबून "नोव ऐती?" विचारायचे, दुखतंय का, आणि ती "इल्ल" म्हणायची, म्हणजे नाही. वरची दाढही त्यांनी थोडी उतरवली. झाल्यावर मी खाच बघितली. मोहरीचा दाणा बसेल न बसेल एवढी. एवढ्याशा खाचेसाठी आमच्या घरात केवढं रामायण झालं होतं! दुसऱ्या बाजूच्या सुळ्यालाही तशीच खाच केली, आणि कवळीला दोन्हीकडं नवे पाय असलेली तार बसवायला ती ठेवून घेतली. दात टिकेल का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. भार निघालाय, आता हिरडी धरते का बघायचं, रेशीम काही दिवस त्या दातात धरायचं नाही, आणि मिश्री आजपासून बंद, असं त्यांनी सांगितलं. येताना आम्ही मेथीची एक जुडी घेतली, नाहीतर भाजीला गेलो होतो हे कुणाला पटणार?

मग सुरू झाली आमची चोरी. कवळी घरी आली, पण तिच्यावर अण्णांच्या कानशीला माहीत नसलेली नवी तार होती. रोज रात्री आई ती फडताळातल्या वाटीत पाण्यात ठेवायची. एरवी ती वाटी उघडीच असायची. आम्ही तिच्यावर झाकण ठेवायला लागलो, पितळी, घट्ट बसणारं. घरातला प्रत्येक डबा उघडून हुंगणारा माणूस, त्या फडताळातनं रोज सकाळी स्वतःचा चहाचा कप काढणारा, झाकण कधी उचलेल याचा नेम नव्हता. सकाळी ते फडताळाकडं गेले की मी आणि आई एकमेकींकडं बघायचो. कपाची दांडी वाटीला लागून टण्ण आवाज व्हायचा. अण्णा कप घेऊन सोप्यात जायचे. आई पोळपाट पुढं ओढायची. तव्यावर तंबाखू भाजायचा वास घरातनं गेला होता, त्याबद्दलही ते काही बोलले नाहीत. एवढं बारीक नाक असलेल्या माणसाला तो वास गेल्याचं कळलं नाही, हे मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

दात टिकला. रोज मी नख लावून बघायची, आणि एके दिवशी तो हललाच नाही. परत लावलं, परत हलला नाही. आईनं माझं बोट हळूच चावलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेऊन हसलो आणि अण्णांनी सोप्यातनं काय झालं विचारलं, तर आई म्हणाली काय न्हाई. त्या आठवड्यात तिनं परत आलेला साज उकलून नव्यानं गाठवला, अंगठ्यात पदर, सुळ्यात पदर, मान मागं. अण्णांनी तो हातात घेतला, गाठ ओढून बघितली, अंगठ्यानं दाबून बघितली. चांगली बसलीय म्हणाले. नंतर नंतर कवळीचं कौतुक करायला कुणी आलं की ते पूर्वीसारखं सांगत नव्हते. मी केली असं म्हणायचं त्यांनी सोडलं. विचारलंच तर म्हणायचे, तिलाच विचारा. वय झालं, हौस संपली, असा मी अर्थ लावला.

आई गेली तेव्हा मी स्वतः आजी झाले होते. अण्णा फार थकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापायचे, ऐरण केव्हाच माळ्यावर गेली होती. शेवटी शेवटी आईनं कवळी लावायची सोडली होती. खाली फार थोडे दात उरले होते, पण तो सुळा होता. तिला खाली घेतल्यावर कुणीतरी सोन्याचा कण आणा म्हणालं, आणि सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. त्यांनी मला डबी आणायला सांगितली. आयुष्यभर ज्याला त्याला पुडी बांधून दिली, ठेवायचं काम त्या त्या घरानं केलं. या वेळी मी ठेवतो, म्हणाले. भटजींनी जिभेवर ठेवा असं सांगितलं. अण्णांनी ऐकलं नाही. तिच्या हनुवटीला एका हातानं आधार दिला, कण तर्जनीच्या टोकावर घेतला आणि बोट आत घातलं. त्यांना काही दिसत नव्हतं. तरी बोट कुठं चाचपडलं नाही. सरळ उजव्या सुळ्याच्या आतल्या अंगाला गेलं, त्या मोहरीएवढ्या खाचेपाशी थांबलं, आणि खडा कोंदणात बसवताना ते दाबायचे तसं त्यांनी अंगठा टेकून हलकेच दाबलं.

"बसलं," अण्णा म्हणाले आणि बाकीच्यांसाठी बाजूला सरकले.

एवढी वर्षं त्या वाटीवर आम्ही दोघी घट्ट झाकण ठेवत होतो, ते उगाच.